इटली आणि जर्मनी: राजकीय स्थैर्याची तुलना मोजून कशी करायची

"इटलीत १९४६ पासून ६८ सरकारं झाली, जर्मनीत १९४९ पासून फक्त १० चान्सलर (सरकारप्रमुख), म्हणजे जर्मनी जवळजवळ सातपट स्थिर." एम.ए. राज्यशास्त्राच्या प्रकल्पात असं वाक्य आलं की तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच पडतो. एका बाजूला सरकारं मोजली आणि दुसऱ्या बाजूला माणसं. इटलीचं माप लावलं, म्हणजे प्रत्येक नवं मंत्रिमंडळ वेगळं धरलं, तर जर्मनीची संख्याही २५च्या आसपास जाते. तिथेही एकाचा फरक राहतो, कारण १९६२च्या अखेरीस श्पीगल प्रकरणानंतर (त्या साप्ताहिकावरच्या कारवाईवरून उठलेलं वादळ) चान्सलर आडेनाउअर यांनी नव्याने मांडलेलं मंत्रिमंडळ काही जण वेगळं धरतात, काही धरत नाहीत. ६८ विरुद्ध २५ हाही फरक मोठाच आहे, पण सातपट नाही.

नागपूरच्या विद्यार्थ्यांना घरबसल्या, एका लॅपटॉपवर आणि फुकट मिळणाऱ्या आकडेवारीवर ही तुलना नीट कशी करता येईल, ते इथे क्रमाने दिलं आहे. उदाहरणाला इटली आणि जर्मनी घेतले आहेत. पद्धत युरोपातल्या कोणत्याही दोन संसदीय देशांना चालेल.

आधी ठरवा: स्थैर्य कशाचं?

स्थैर्याचे तीन थर वेगळे ठेवा. पहिला थर सरकारचा: मंत्रिमंडळ किती दिवस टिकतं, कशामुळे जातं, नवं यायला किती वेळ लागतो. दुसरा पक्षपद्धतीचा: दोन निवडणुकांमध्ये मतं किती इकडची तिकडे होतात, पक्ष किती आहेत, जुने पक्ष टिकतात की मोडतात. तिसरा राज्यव्यवस्थेचा: राजकीय हिंसा, दहशतवाद, घटनेची चौकट शाबूत आहे का.

हे थर एकत्र कालवले की निष्कर्ष हमखास चुकतो, कारण एकच देश एका थरावर डळमळीत आणि दुसऱ्यावर घट्ट असू शकतो. १९४८ ते १९९२ची इटली याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. सरकारं वर्षा-दीड वर्षात पडत होती, पण ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष प्रत्येक सरकारात होता आणि १९८१ मध्ये स्पादोलिनी येईपर्यंत पंतप्रधानही सलग त्याच पक्षाचा होता. आंद्रेओत्ती यांनी एकूण सात सरकारं चालवली. खुर्च्या फिरत होत्या, माणसं तीच होती. त्याच काळात रस्त्यावर मात्र रक्त सांडत होतं: १२ डिसेंबर १९६९ला मिलानच्या पियाझा फोंतानाचा स्फोट, १९७८ मध्ये माजी पंतप्रधान अल्दो मोरो यांचं अपहरण आणि हत्या, २ ऑगस्ट १९८०ला बोलोन्या रेल्वे स्थानकावरच्या स्फोटात ८५ मृत्यू. सरकारचा थर अस्थिर, पक्षांचा थर जवळजवळ गोठलेला, हिंसेचा थर धगधगता. या तिन्हींना मिळून एक गुण द्यायचा म्हटलं तर काय द्याल?

प्रकल्प ६०–७० पानांचा असेल तर दोन थर पुरेत. तिन्ही घेतले तर प्रत्येकावर उथळ लिहिलं जातं.

सरकार म्हणजे काय, याचा नियम घरच्या उदाहरणावर तपासा

नवं सरकार केव्हा धरायचं? अभ्यासकांमध्ये रुळलेले निकष तीन: पंतप्रधान बदलला, सरकारातले पक्ष बदलले, किंवा सार्वत्रिक निवडणूक झाली. काही जण चौथा धरतात, औपचारिक राजीनामा देऊन पुन्हा शपथ घेणं. कोणते निकष घेतले ते पहिल्याच प्रकरणात लिहा आणि शेवटपर्यंत तेच पाळा.

नियम हाताला बसावा म्हणून आधी महाराष्ट्रावर लावून बघा. २०१९च्या निवडणुकीनंतर २३ नोव्हेंबरला फडणवीसांचा शपथविधी झाला, २६ला राजीनामा. २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे, ३० जून २०२२ला एकनाथ शिंदे. मग २ जुलै २०२३ला अजित पवार आपल्या गटासह त्याच शिंदे सरकारात आले. २०२४च्या निवडणुकीपर्यंत सरकारं किती झाली? फक्त मुख्यमंत्री मोजले तर तीन. पक्षबदलाचा निकष लावला तर चार. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण एका देशाला पहिला नियम आणि दुसऱ्याला दुसरा लावला तर सगळा हिशेब वाया. इटलीतली बर्लुस्कोनी यांची दुसरी आणि तिसरी सरकारं (एप्रिल २००५ची सांधेजोड) याच कोड्यात बसतात: पंतप्रधान तोच, निवडणूक नाही, पण राजीनामा झाला आणि शपथ नव्याने झाली.

तक्ता कसा भरायचा

एक्सेल, गूगल शीट्स, लिब्रे ऑफिस, काहीही चालेल. प्रत्येक सरकारला एक ओळ. स्तंभ असे ठेवा: देश, पंतप्रधान, शपथेची तारीख, राजीनाम्याची किंवा पराभवाची तारीख, पुढच्या सरकारच्या शपथेची तारीख, सामील पक्ष, संपण्याचं कारण, शेरा.

शेवटच्या दोन तारखा वेगळ्या का, ते एका ओळीत कळेल. इटलीचे मारिओ द्रागी यांचा शपथविधी १३ फेब्रुवारी २०२१. राजीनामा २१ जुलै २०२२. मेलोनी यांची शपथ २२ ऑक्टोबर २०२२. शपथेपासून शपथेपर्यंत धरलं तर ६१६ दिवस, पण त्यातले शेवटचे ९३ दिवस सरकार काळजीवाहू होतं. एका सरकारला राजीनाम्यापर्यंत आणि दुसऱ्याला पुढच्या शपथेपर्यंत मोजणं ही फार होणारी चूक आहे, आणि ती सापडणं कठीण, कारण दोन्ही तारखा खऱ्याच असतात.

शपथ ते शपथ या नियमाने इटलीची २०१३ नंतरची पूर्ण झालेली सरकारं अशी येतात:

लेत्ता, २८ एप्रिल २०१३ पासून: ३०० दिवस
रेंत्सी, २२ फेब्रुवारी २०१४ पासून: १०२४ दिवस
जेंतिलोनी, १२ डिसेंबर २०१६ पासून: ५३६ दिवस
कोंते पहिलं, १ जून २०१८ पासून: ४६१ दिवस
कोंते दुसरं, ५ सप्टेंबर २०१९ पासून: ५२७ दिवस
द्रागी, १३ फेब्रुवारी २०२१ पासून: ६१६ दिवस

बेरीज ३४६४, सहा सरकारं, सरासरी ५७७ दिवस. पडताळणी सोपी आहे: पहिल्या शपथेपासून (२८ एप्रिल २०१३) मेलोनींच्या शपथेपर्यंतचे दिवस थेट वजाबाकीने काढा. तेही ३४६४ यायला हवेत. नाही आले तर मधली एखादी तारीख चुकली आहे.

जर्मनीची त्याच काळाजवळची तीन: मेर्केल यांचं तिसरं सरकार (१७ डिसेंबर २०१३ पासून) १५४८ दिवस, चौथं (१४ मार्च २०१८ पासून) १३६५, शोल्त्स यांचं (८ डिसेंबर २०२१ ते ६ मे २०२५) १२४५. सरासरी १३८६. म्हणजे फरक साधारण २.४ पट. पण १५४८ मध्येही काळजीवाहू दिवस दडलेले आहेत: २४ ऑक्टोबर २०१७ला नवी बुंडेस्टाग (कनिष्ठ सभागृह) बसली तेव्हापासून १४ मार्च २०१८ पर्यंत, १४१ दिवस. निवडणुकीच्या दिवसापासून मोजलं तर सरकार बनायला १७१ दिवस लागले. सरकार किती टिकलं यापेक्षा बनायला किती वेळ लागला, हा आकडा कधीकधी जास्त बोलतो. बेल्जियमने २०१०–११ मध्ये ५४१ दिवस घेतले होते, आणि देश चालूच होता.

मेलोनी यांचं सरकार सरासरीत घेऊ नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने तीन वर्षं पूर्ण केली, पण जे सरकार तुमचा तक्ता बंद करताना चालू आहे, त्याचं आयुष्य अजून पूर्ण झालेलं नाही. ते "आजपर्यंतचे दिवस" धरून मिसळलं तर त्याचं वय कमी मोजलं जातं. वेगळ्या ओळीत, "चालू" असा शेरा मारून ठेवा. संख्याशास्त्राची गोडी असेल तर कापलान–मायर पद्धत याच अडचणीसाठी आहे.

शीटमध्ये तीन ठिकाणी घोटाळा होतो. देवनागरी अंकांत टाकलेली तारीख शीट बहुधा मजकूर समजते आणि वजाबाकी चालत नाही, म्हणून आकडे आणि तारखा इंग्रजी अंकांत भरा, मराठी अंक लिखाणात वापरा. दुसरं, महिना आधी की दिवस आधी ही मांडणी शीटच्या सेटिंगमध्ये तपासा. ५ सप्टेंबर आणि ९ मे यांची अदलाबदल झाली तर त्रुटीचा संदेश येत नाही, नुसते दिवस चुकतात. तिसरं, एकोणिसाव्या शतकाची तुलना करत असाल तर एक्सेल १९०० पूर्वीच्या तारखा तारीख म्हणून घेत नाही. तिथे लिब्रे ऑफिस वापरा.

कारणाचा स्तंभ: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

दिवस मोजणं कारकुनी काम आहे. देश समजतो तो सरकार का गेलं या स्तंभातून. पाच-सहा ठरीव कारणं ठेवा: निवडणूक, आघाडी मोडली, पंतप्रधानाच्या स्वतःच्या पक्षाने काढलं, सभागृहात पराभव, सार्वमत किंवा घोटाळा, प्रकृती. लेत्ता आपल्याच पक्षाने पाठिंबा काढल्यामुळे गेले. रेंत्सी ४ डिसेंबर २०१६च्या घटनादुरुस्तीच्या सार्वमतात हरल्यामुळे. जर्मनीचे चान्सलर ब्रांट १९७४ मध्ये हेर प्रकरणामुळे गेले, पण आघाडी तशीच राहिली आणि श्मिट आले. या तिन्ही नोंदी "सरकार बदललं" एवढ्याच नावाखाली गेल्या तर सगळं हरवतं.

सभागृहातल्या मतदानावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. इटलीत बहुतेक सरकारं सभागृहात हरून जात नाहीत. एखादा पक्ष आघाडीतून अंग काढून घेतो, पंतप्रधान राष्ट्रपतींच्या क्विरिनाले प्रासादात जाऊन राजीनामा देतो. ठळक अपवाद रोमानो प्रोदी: ९ ऑक्टोबर १९९८ला ३१२ विरुद्ध ३१३ असं एका मताने सरकार पडलं, आणि जानेवारी २००८ मध्ये पुन्हा, या वेळी सिनेटमध्ये. इटलीत दोन्ही सभागृहांचा विश्वास लागतो, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे राज्यसभेत सरकार पडत नाही, त्यामुळे हा मुद्दा सहज निसटतो.

प्रोदींनंतर सहाच महिन्यांनी, १७ एप्रिल १९९९ला, वाजपेयी सरकारही लोकसभेत २६९ विरुद्ध २७० असं एका मतानेच पडलं. पुढचं सरकार कोणाचं याचं उत्तर त्या दिवशी कोणाकडे नव्हतं. जर्मनीत असं होऊ शकत नाही. तिथल्या मूलभूत कायद्याच्या कलम ६७ प्रमाणे चान्सलरला काढायचं तर त्याच ठरावात नवा चान्सलर बहुमताने निवडावा लागतो. हा रचनात्मक अविश्वास ठराव आजवर दोनदाच आला: २७ एप्रिल १९७२ला विरोधी पक्षाचे बार्त्सेल दोन मतांनी कमी पडले आणि ब्रांट वाचले, १ ऑक्टोबर १९८२ला कोल श्मिट यांच्या जागी आले. वायमार काळात (१९१९–३३चं जर्मन प्रजासत्ताक) एकमेकांशी न पटणारे पक्ष फक्त पाडण्यापुरते एकत्र येत. त्या अनुभवातून ही तरतूद आली. म्हणून जर्मन सरकारचे जास्त दिवस हा केवळ जनतेच्या स्वभावाचा किंवा पक्षांच्या शिस्तीचा पुरावा नाही. त्यातला काही भाग कायद्याने राखलेला आहे, आणि तुलनेत ते स्पष्ट लिहायला हवं.

कलम ६८चा विश्वासदर्शक ठराव मात्र जपून नोंदवा. १९७२, १९८२, २००५ आणि २०२४ मध्ये चान्सलर तो हरले. यातला कोल यांचा डिसेंबर १९८२चा पराभव ठरवून घेतलेला होता, लवकर निवडणूक मिळावी म्हणून. बहुमत हातात होतं. शोल्त्स यांचा १६ डिसेंबर २०२४चा पराभवही निवडणुकीचा रस्ता उघडण्यासाठीच होता, पण त्यांची आघाडी ६ नोव्हेंबरलाच मोडली होती. "पराभव" या एका शब्दाखाली दोन्ही टाकू नका, शेऱ्यात फरक लिहा.

मतांची उलथापालथ मोजायची रीत

दुसऱ्या थरासाठी पेडरसन निर्देशांक पुरतो. मोगेन्स पेडरसन यांनी १९७९ मध्ये मांडलेलं सूत्र साधं आहे: प्रत्येक पक्षाच्या दोन निवडणुकांतल्या मतटक्क्यांचा फरक काढा, वजाचं चिन्ह सोडून सगळे फरक मिळवा, दोनने भागा. ० म्हणजे कोणीच हललं नाही, १०० म्हणजे जुने सगळे पक्ष गेले.

इटली, २०१८ ते २०२२, कनिष्ठ सभागृहाची मतं: ब्रदर्स ऑफ इटली (मेलोनींचा पक्ष) ४.४ वरून २६.०, फाइव्ह स्टार ३२.७ वरून १५.४, लेगा १७.४ वरून ८.८, फोर्त्सा इटालिया १४.० वरून ८.१, डेमोक्रॅटिक पक्ष १८.८ वरून १९.१, नवी आत्सिओने–इटालिया विवा यादी ० वरून ७.८, बाकी सगळे मिळून १२.७ वरून १४.८. फरकांची बेरीज ६३.६, निर्देशांक ३१.८.

जर्मनी, २०१७ ते २०२१: सीडीयू–सीएसयू ३२.९ वरून २४.१, एसपीडी २०.५ वरून २५.७, एएफडी १२.६ वरून १०.३, एफडीपी १०.७ वरून ११.५, डी लिंके ९.२ वरून ४.९, ग्रीन ८.९ वरून १४.८, बाकी ५.२ वरून ८.७. बेरीज ३०.८, निर्देशांक १५.४.

आकडेमोड बरोबर आहे का, ते कळायची खूण: वाढलेल्यांची बेरीज आणि घटलेल्यांची बेरीज सारखी यायला हवी. इटलीत दोन्हीकडे ३१.८, जर्मनीत दोन्हीकडे १५.४. जुळलं नाही तर "बाकी" चुकलं आहे, किंवा एखादा पक्ष एका वर्षी युतीत आणि दुसऱ्या वर्षी स्वतंत्र मोजला गेला आहे. पक्षाचं नाव बदललं, फाटला, विलीन झाला, तर नवा धरायचा की जुनाच? इटलीत हा प्रश्न दर निवडणुकीला येतो. एक नियम करा आणि परिशिष्टात लिहा.

आता ३१.८ हा आकडा बघून "इटलीचे मतदार भरकटलेले" असं लिहायची घाई करू नका. उजव्या आघाडीची एकत्रित मतं बघा: २०१८ मध्ये सुमारे ३७ टक्के, २०२२ मध्ये सुमारे ४३.८. गटाची वाढ सातही टक्के नाही. मतांचा मोठा लोंढा लेगा आणि फोर्त्सा इटालियाकडून मेलोनींकडे, म्हणजे त्याच घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला. म्हणून पक्षनिहाय आणि गटनिहाय असे दोन निर्देशांक काढा. प्रकल्पातला सगळ्यात वाचनीय परिच्छेद बहुधा या दोन आकड्यांमधल्या फरकावरच लिहिता येतो.

पक्ष किती, हे मोजायला लाक्सो–टागेपेरा यांचं सूत्र आहे: प्रत्येक पक्षाच्या वाट्याचा वर्ग करा, मिळवा, १ला त्या बेरजेने भागा. ५०, ३० आणि २० टक्क्यांचे तीन पक्ष असतील तर ०.२५ + ०.०९ + ०.०४ = ०.३८, आणि १ भागिले ०.३८ म्हणजे २.६३ प्रभावी पक्ष. मतांवर काढलं की जागांवर, ते लिहा. जर्मनीत पाच टक्क्यांच्या अटीमुळे (त्याखालच्या पक्षाला सहसा जागा मिळत नाहीत) दोन्हींत फरक पडतो.

अधिकृत निकाल जर्मनीच्या संघीय निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर आणि इटलीच्या गृहमंत्रालयाच्या एलिजेंदो संग्रहात मिळतात. सरकारं आणि पक्षांची तयार यादी पार्लगव्ह या आकडेवारीत आहे. युरोपीय फाइलमध्ये दशांशाला स्वल्पविराम असतो, ३२,९ असा, आणि स्तंभ अर्धविरामाने तोडलेले असतात. तशीच उघडली तर ३२.९चे ३२९ होऊ शकतात. आयात करताना भाषा-प्रदेश जर्मन किंवा इटालियन निवडा.

जागतिक बँकेचा निर्देशांक: काय सांगतो, काय नाही

तिसऱ्या थरासाठी बहुतेक जण जागतिक बँकेच्या वर्ल्डवाइड गव्हर्नन्स इंडिकेटर्समधला राजकीय स्थैर्याचा निर्देशांक घेतात. त्याचं पूर्ण नाव वाचा: राजकीय स्थैर्य आणि हिंसाचार-दहशतवादाचा अभाव. तो मंत्रिमंडळाचं आयुष्य मोजत नाही. म्हणूनच अलीकडच्या वर्षांत इटली आणि जर्मनी त्यात एकमेकांच्या बरेच जवळ दिसतात, जरी सरकारांच्या आयुष्यात दुपटीहून जास्त फरक आहे. यात विसंगती नाही, दोन्ही मापं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

आकडे १९९६ पासून आहेत, पण १९९७, १९९९ आणि २००१ रिकामी. आलेखात ती वर्षं शून्य पडली तर रेषा खड्ड्यात जाते. −२.५ ते +२.५ या ओळखीच्या मापात दरवर्षी जगाची सरासरी शून्य धरतात. म्हणून जर्मनीचा आकडा घसरला म्हणजे जर्मनीच बिघडली असं नाही, बाकीचे देश सुधारले असतील. प्रत्येक आकड्यासोबत प्रमाण त्रुटी दिलेली असते. दोन देशांच्या त्रुटीपट्ट्या एकमेकांवर येत असतील तर "अमुक देश पुढे" असं लिहू नका. नवी आवृत्ती येताना मागच्या वर्षांचे आकडेही सुधारले जातात, तेव्हा दोन वेगळ्या वेळी उतरवलेल्या फाइली जोडू नका आणि उतरवल्याची तारीख नोंदवा.

या थराचा एक इशारा हंगेरीकडून घ्यावा. ओर्बान यांनी २०१० ते २०२२ सलग चार निवडणुका जिंकल्या. दिवस मोजले तर हे सरकार जर्मनीलाही मागे टाकतं. त्याच काळात व्ही-डेम या लोकशाही मोजणाऱ्या प्रकल्पाने हंगेरीला लोकशाहीच्या वर्गातून काढून निवडणुकीय हुकूमशाहीत टाकलं. टिकणं आणि निरोगी असणं यांना वेगळे स्तंभ द्या.

काळाचे तुकडे पाडा

१९४९ ते आजपर्यंतची एकच सरासरी काढू नका. इटलीत १७ फेब्रुवारी १९९२ला मिलानमध्ये सुरू झालेल्या लाचप्रकरणांच्या तपासाने जुने पक्ष दोन वर्षांत मोडले, १९९३ मध्ये निवडणूक कायदा बदलला, २००५ आणि २०१७ मध्ये पुन्हा बदलला. जर्मनीत १९६१ ते १९८३ बुंडेस्टागमध्ये तीनच गट होते. १९८३ मध्ये ग्रीन आले, १९९० मध्ये देशच मोठा झाला, २०१७ मध्ये एएफडी आली. ६ मे २०२५ला मेर्त्स यांना पहिल्या फेरीत ३१६ हवी असताना ३१० मतं मिळाली. चान्सलरपदाचा उमेदवार पहिल्या फेरीत अडल्याचं त्या देशात पूर्वी घडलं नव्हतं. १९९० पूर्वीच्या रांगा "पश्चिम जर्मनी" म्हणून वेगळ्या ठेवा. कित्येक आकडेवाऱ्यांत दोघांचे सांकेतिक क्रमांकच वेगळे असतात, आणि जोडताना अर्ध्या रांगा गळतात.

तुकडे पाडले की सुरुवातीचं वर्ष का निवडलं, हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर आधी स्वतः तपासा. वरच्या इटलीच्या तक्त्यात २०१३ ऐवजी २००८ पासून सुरुवात करा: बर्लुस्कोनी यांचं चौथं सरकार १२८७ दिवस आणि मोंती यांचं ५२९ दिवस वाढतं. सरासरी ५७७ वरून ६६० वर जाते. मध्यक मात्र ५३१.५ वरून ५३२.५, म्हणजे एका दिवसाने हलतो. जर्मनीत मेर्केल यांचं दुसरं सरकार (१५११ दिवस) जोडलं तर सरासरी १३८६ वरून १४१७ होते. सरासरी आणि मध्यक दोन्ही, दोन्ही सुरुवातींसह, परिशिष्टाच्या पहिल्या पानावर द्या, आणि मुख्य मजकुरात मध्यक वापरा.